पाचर

भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मी ३४ वर्षं काढली. डाय, जिग, फिक्स्चर असलं काम. डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. आमच्याकडे तेवढ्या फरकाने जॉब परत यायचा आणि वर चार शब्द ऐकावे लागायचे. त्यामुळे निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटीतले ४० हजार मोडून मी टेबल सॉ घेतला, तेव्हा या माणसाला मशीनपासून काही होईल अशी शंका कुणालाच आली नाही. मला तर नाहीच. बायकोला धास्ती होती ती भुशाची, आणि शेजाऱ्यांना आवाजाची.

निमित्त आंब्याचं होतं. गावच्या घरामागचा जुना आंबा वादळात आडवा झाला. भावकीतल्या सगळ्यांनी मिळून तो जळणाला द्यायचं ठरवलं होतं. मी मध्ये पडलो, तालुक्याच्या सॉ मिलमध्ये ओंडके नेऊन इंच-सव्वा इंचाच्या फळ्या पाडून घेतल्या आणि टेम्पोत घालून घरी आणल्या. दीड वर्ष त्या शेडमध्ये पट्ट्यांवर रचून वाळवल्या. नातवाला अभ्यासाचं टेबल करायचं होतं, दोन ड्रॉवरचं.

समोरच्या बंगल्यात तेव्हा फर्निचरचं काम चालू होतं. तिथले मिस्त्री कोरेगावकडचे, माझ्याच वयाचे. फळ्या बघायला आले, एक उचलून नाकाशी नेली आणि म्हणाले, "आंबा? फर्निचरला? किडा लागतोय सायेब." भवानी पेठेत टिंबर मार्केटला जा, बल्लारशाचा साग घ्या, असा सल्ला देऊन गेले. सागाचा घनफुटाचा भाव मी विचारून आलो होतो. आंब्यावरच ठाम राहिलो.

टेबल सॉ म्हणजे काय, हे सांगायला मिस्त्रींचं टेबल जास्त सोपं आहे. दोन घोड्यांवर १९ मिलिमीटरच्या प्लायचा तुकडा. त्याला खालून सात इंची सर्क्युलर सॉ उलटा बोल्टने आवळलेला, आणि प्लायला पाडलेल्या फटीतून ब्लेड वर आलेलं. मशीनचा खटका सुतळीने कायमचा दाबून बांधलेला. चालू-बंद करायचं ते भिंतीवरच्या बटणाने. कडेला एक सरळ पट्टी शिकंज्याने धरायची, फळी त्या पट्टीला चिकटवून ब्लेडवर ढकलायची. पुण्यात कुठल्याही साइटवर हेच दिसतं. ब्लेडवर झाकण नाही, मागे काही नाही. मिस्त्रींच्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापाशी संपते. "याच टेबलावर?" असं मी एकदा विचारलं होतं. "न्हाई, हे नवीन हाय. आधीच्या टेबलावर."

माझं मशीन त्यामानाने सरदार. २५४ मिलिमीटरचं, म्हणजे दहा इंची ब्लेड, १८०० वॉट, मिनिटाला ४३०० फेरे. पहिल्या दिवशी मी कागदावर हिशोब केला: एवढ्या फेऱ्यांना ब्लेडच्या दाताचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. आकडा लिहिला, वाचला आणि कागद खिशात घातला. २३० व्होल्टला हे मशीन ८ अँपिअरच्या आसपास घेतं आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. शेडमधला पंख्याचा सॉकेट त्याला पुरणार नव्हता. वायरमन बोलावून १६ अँपिअरचा सॉकेट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि नीट अर्थिंग करून घेतलं. यात चार दिवस गेले, पण हे काम मी मुकाट्याने केलं, कारण विजेशी मी कधीच हुशारी करत नाही.

नंतरचे दोन दिवस मात्र माझे होते. मशीन बॉक्समधून काढलं की लगेच चालवायचं नसतं, आधी ते मोजायचं असतं. मूळ गोष्ट एकच: टेबलावर लांबीच्या दिशेने एक खाच असते, तिच्याशी ब्लेड समांतर हवं आणि कडेची पट्टी, जिला फेन्स म्हणतात, तीही समांतर हवी. ब्लेड आणि फेन्स मागच्या बाजूला एकमेकांकडे झुकले असतील तर फळी पुढे जाताना त्या निमुळत्या बोळात अडकते. मी कपाटातून बारीक फरक मोजणारा डायल काढला. मॅग्नेटिक स्टँड टेबलावर ठेवला आणि तो सरळ घसरून खाली आला. टेबल अ‍ॅल्युमिनियमचं! ३४ वर्षं लोखंडावर काम केलेल्या माणसाला हे सुचू नये. बायको दारात उभी होती, तिने फक्त भुवया उंचावल्या. मग खाचेत घट्ट सरकेल अशी सागाची पट्टी रंधून डायल तिच्यावर स्क्रूने बसवला.

मोजायची युक्ती अशी की ब्लेडच्या एकाच दाताला मार्करने खूण करायची. तो दात पुढे आणून डायल शून्यावर लावायचा, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे न्यायचा आणि तिथे वाचायचं. वेगवेगळे दात मोजले तर ब्लेडचा स्वतःचा वाक मापात मिसळतो. प्लग अर्थातच काढलेला. मागे ०.२२ निघाले. खालचे चार बोल्ट किंचित सैल करून, रबरी हातोडीने टिचकी मारत मारत ०.०४ वर आणले. एवढं घरच्या लाकूडकामाला गरजेपेक्षा जास्त आहे. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ असते आणि तेवढ्यात बसलं तरी पुष्कळ. पण मी तेवढ्यावर थांबणाऱ्यातला नाही. फेन्स मोटारसायकलचे टॅपेट सेट करायच्या फीलर गेजने तपासली आणि मागच्या टोकाला मुद्दाम ०.०५ मोकळी ठेवली. गुण्या लावून ब्लेड काटकोनात आणलं. गुण्या दाताला टेकवायचा नाही, दोन दातांच्या मधल्या अंगाला टेकवायचा. दात दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात.

ब्लेडच्या मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पातं उभं असतं. शार्कच्या पराच्या आकाराचं, ब्लेडच्या गोलाईबरोबर वाकलेलं. मशीनच्या पुस्तकात त्याला रायव्हिंग नाइफ म्हटलंय. माझ्या ब्लेडचे दात २.६ मिलिमीटरची चीर पाडतात, ब्लेडचं अंग १.८ आहे आणि या पात्याची जाडी २.२, म्हणजे बरोबर मधली. ब्लेड वरखाली केलं की ते सोबत वरखाली होतं. मी त्याला पट्टी लावून रेषेत आणलं, ब्लेडपासूनचं अंतर पाच मिलिमीटर ठेवलं आणि वहीत लिहून ठेवलं. सगळी मापं लिहिली. पातं कशासाठी आहे हे पुस्तकात एका ओळीत होतं, ती ओळ मी वाचलीही होती.

सुरुवातीचे दोन महिने मी शहाण्यासारखा वागलो. ब्लेडची उंची एवढीच की फळीच्या वर दाताची खोबण जेमतेम दिसावी. हात ब्लेडपासून वीतभर लांब, त्याच्या आत गेलो तर पुश स्टिक. ही मी प्लायची स्वतः केली, बुटाच्या आकाराची, मागे टाच असलेली, म्हणजे ती फळीला पुढेही ढकलते आणि खालीही दाबते. अंगठी काढायची, मनगटातला धागा काढायचा. राखीपौर्णिमेनंतर आठवडाभर बहिणीची राखी शेडच्या खिळ्याला टांगलेली असायची. हातमोजे घालायचे नाहीत, हे लेथवरच शिकलो होतो: मोज्याचा धागा धरला की मशीन धाग्यावर थांबत नाही. बायकोच्या भुशाच्या धास्तीपोटी मास्कही. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारकांच्या यादीत घातली आहे हे तिला कुठूनतरी कळलं होतं, आणि ती तारखेसकट सांगायची.

एकदा फळी निम्मी कापून झालेली असताना लाईट गेली. माझ्या मशीनचा स्विच लाईट गेली की स्वतःच पडतो आणि आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही. कारखान्यातल्या स्टार्टरला नो-व्होल्ट कॉइल असते, तेच. मी शांतपणे फळी मागे ओढून घेतली. तेवढ्यात लाईट आली आणि समोरच्या बंगल्यातून मिस्त्रींचं मशीन एकदम किंचाळलं. मागोमाग मिस्त्रींची शिवी. भिंतीवरचं बटण चालूच राहिलं होतं आणि त्यांचा हेल्पर पोरगा ब्लेडजवळचे तुकडे वेचत होता. पोराला काही झालं नाही. मी जाऊन त्यांना स्विचबद्दल दहा मिनिटं व्याख्यान दिलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि चहा पाजला.

मग ड्रॉवर आले. ड्रॉवरचा तळ सहा मिलिमीटरच्या प्लायचा. तो बसवायला बाजूच्या फळ्यांना आतून खाच मारायची. म्हणजे ब्लेड फळीच्या आरपार जात नाही, फळी ब्लेडवरून सरकते. आता मागचं पातं ब्लेडपेक्षा उंच असेल तर फळी त्यावर अडते. माझ्या मशीनला त्यासाठी सोय आहे: एक लिव्हर सैल करून पातं खाली दाबायचं, की ते ब्लेडच्या टोकाच्या किंचित खाली बसतं. भुसा बसून लिव्हर घट्ट झाला होता. दोनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा पातं उपसूनच काढलं आणि कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. खाचा छान झाल्या. प्लाय त्यात बोटाने दाबून बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाच्या पायांसाठी फळी चिरायला घेतली. चार फूट लांब, सव्वा इंच जाड. ही फळी आंब्याच्या खोडाची नव्हती, बांधाकडे झुकलेल्या एका जाड फांदीची होती. सॉ मिलवाल्याने ती वेगळी ठेवली होती, का ते मी विचारलं नव्हतं. पातं ड्रॉवरमध्ये आहे हे मला माहीत होतं. विसरलो असं म्हणायला आवडलं असतं. मनात आलं ते असं: ब्लेड ०.०४ मध्ये आहे, फेन्स ०.०५ ने मोकळी आहे, अडकायला जागाच कुठे आहे?

दोन फुटांपर्यंत सरळ गेली. मग आवाज बदलला. चांगलं कापताना हे मशीन एका सुरात गुणगुणतं. तो सूर खाली उतरला, घोगरा झाला. फळी जड लागायला लागली. धातूच्या कामातली सवय अशी की जड लागलं तर फीड सोडायचा नाही, टूल घासतं. मी जोर लावला. जळकट वास आला. आणि मग काय झालं ते मी पाहिलेलं नाही, फक्त त्याच्या आधीचं आणि नंतरचं आठवतं. आधी फळी माझ्या हाताखाली होती. नंतर मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो, फळी माझ्यामागच्या लोखंडी कपाटाच्या दाराला पोचा पाडून जमिनीवर पडली होती, आणि टेबलावर ब्लेड मोकळं, पुन्हा त्याच सुरात गुणगुणत होतं.

वाटेत ती माझ्या उजव्या बाजूला बरगडीखाली लागून गेली होती. मी ब्लेडच्या बरोबर मागे उभा होतो. डावीकडे सरकून उभं राहायचं असतं, हेही वहीत होतं. लाल बटण दाबलं, प्लग काढला, मग खुर्चीत बसलो. दहाही बोटं मोजली. खरंच मोजली, एक-दोन करत. उजव्या हातात पुश स्टिक अजून धरलेली होती आणि तिचं टोक नव्हतं. तिरकं, गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखं कापलेलं. फळी उडाली तेव्हा तिच्यावर टेकलेला हात आपसूक पुढे गेला आणि ब्लेडवर जे आधी पोचलं ते प्लायचं होतं.

डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली. लिव्हर ठीक होतं. पोटावर हातभर निळं-काळं उमटलं आणि पंधरा दिवस हसायला, खोकायला बंदी. बायको पहिल्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचा तो डायल कुठे होता?"

अमेरिकेतल्या भाच्याला फोनवर सांगितलं तर त्याने लगेच सॉस्टॉपची गोष्ट काढली. तिकडच्या ओरेगनमध्ये स्टीफन गॅस नावाच्या पेटंट वकिलाने, ज्याने भौतिकशास्त्रात डॉक्टरेटही केली आहे, १९९९ मध्ये ही युक्ती काढली. ब्लेडला कातडी लागली की विजेच्या सूक्ष्म बदलावरून मशीन ओळखतं आणि अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा दातांत घुसवून पाच मिलिसेकंदांच्या आत ब्लेड थांबवतं. दाखवताना बोटाऐवजी सॉसेज वापरतात. मामा, असलं घे, म्हणाला. ऐकायला भारी होतं. पण ब्लेड माझ्या कातडीला लागलंच नव्हतं, मला लागली ती फळी. आणि फळी फेकली जाते ते थांबवायला त्या महागड्या मशीनलाही मागे तेच पातं लावलेलं असतं. हे मी नंतर चित्रात पाहिलं.

चौथ्या दिवशी मिस्त्री बघायला आले. मला वाटलं मशीनकडे जातील. ते मशीनकडे ढुंकूनही न बघता कपाटापाशी गेले आणि फळी उचलली. उभी धरली, एक डोळा मिटून कडेने पाहिलं, मग उन्हात नेऊन अंगणात आडवी ठेवली आणि उकिडवे बसले. "हे बघा की."

मी कण्हत वाकलो. जिथून चीर सुरू झाली होती तिथे, फळीच्या कडेला, ती २.६ मिलिमीटर रुंद असायला हवी होती. तिथे दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या होत्या. मिस्त्रींनी खिशातून बिडीच्या बंडलाचा कागद काढला आणि फटीत सरकवायचा प्रयत्न केला. जाईना. "मिटलंय," ते म्हणाले. "फांदीचं लाकूड हाय. वाकून वजन धरून उभं व्हतं साठ वर्सं. ताण आतच असतोय. चिरलं की हात मोकळे झाल्यासारखं करतंय, कधी उघडतंय, कधी मिटतंय."

मग सगळं समोर आलं. ब्लेडचे पुढचे दात फळीला खाली टेबलावर दाबतात, पण मागचे दात खालून वर येत असतात. चीर मागे मिटली, तिने ब्लेड चिमटीत धरलं, आणि मागच्या दातांनी फळी उचलून माझ्याकडे भिरकावली. त्यात फेन्सचा काही दोष नव्हता, ब्लेडच्या ०.०४ चाही नाही. माझं मशीन जागच्या जागी होतं. हललं ते लाकूड, आणि ते मी मोजलं नव्हतं. लोखंडातही ताण असतो हे मला माहीत होतं की! आम्ही जॉब खरवडून स्ट्रेस रिलीव्हला पाठवायचो. लाकडाकडे बघताना ते डोक्यात आलंच नाही.

"हातानं चिरायचो तवा पाचर मारायचो," मिस्त्री म्हणाले. "चीर दोन वीत झाली की मागं पाचर ठोकायची. न्हाईतर करवत धरतंय."

हे ऐकल्यावर मला आमचं परस दिसलं. मी सात-आठ वर्षांचा असेन. आजोबांनी घराच्या तुळयांसाठी जांभूळ पाडला होता आणि चिरायला दोन माणसं आली होती. तिकाटण्यावर तिरपा चढवलेला ओंडका, एक जण वर उभा, दुसरा खाली, तोंडाला फडकं बांधलेला, आणि दोघांच्या मध्ये पुरुषभर लांबीची करवत. खालच्याच्या भुवया भुशाने पांढऱ्या झालेल्या. ते थांबले की वरचा माणूस चिरेत लाकडाची पाचर ठोकायचा. मला त्या पाचरीला हात लावायला सक्त मनाई होती, कारण शाळेत नुकतीच पंचतंत्रातली गोष्ट झाली होती आणि आजोबांना माझा भरवसा नव्हता. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यावर बसून पाचर उपसणारं माकड कुणाला माहीत नाही?

मी आत जाऊन ड्रॉवर उघडला आणि पातं आणून मिस्त्रींच्या हातात दिलं. ते कुठे बसतं, ब्लेडच्या मागे कसं उभं राहतं ते सांगितलं. त्यांनी नखाने जाडी पाहिली, उलटसुलट केलं.

"मग ही पाचरच की," ते म्हणाले. "आन तुम्ही उपसून ठिवली व्हती?"

बरगडीमुळे मला हसता येत नव्हतं. त्यांनी माझ्या वाटणीचंही हसून घेतलं.

त्यांच्या टेबलाला पाचर नाही याकडे मी लक्ष वेधलं. तर म्हणे, आहे, पोरगा आहे. लांब फळी चिरताना हेल्पर पलीकडे उभा राहतो आणि चीर पुढे आली की तिच्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून धरतो. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या मागे हातभर अंतरावर सतरा वर्षांचं पोर, हातात लोखंड घेऊन. मी काही बोललो नाही. ज्याच्या पोटावर निळा पट्टा आहे त्याने कुणाला काय सांगायचं?

पण बसल्या बसल्या एक काम मिळालं. मिस्त्रींच्या ब्लेडचं अंग १.४ आणि दात २.२ भरले, व्हर्निअर मीच लावला. भंगारात १६ गेजचा पत्रा होता, म्हणजे १.६ मिलिमीटर, दोन्हीच्या मधला. जरा मऊ, पण चालेल. त्यांच्या टेबलावर ब्लेड वरखाली होत नाही, एका उंचीला पक्कं असतं, त्यामुळे पातं प्लायला कायमचं बसवता येत होतं. हे उलट सोपंच. पहिलं पातं मी फार सरळ कापलं, ब्लेडच्या गोलाईपासून वर जाताना लांब पडत गेलं. दुसरं बरं झालं पण त्याचा पाय वाकला. तिसरं कानशीने घासून गोलाईला पाच मिलिमीटर अंतरावर आणलं, पुढची कड बोथट गोल केली, पायाला काटकोनी पट्टी रिव्हेट केली. उंची मुद्दाम ब्लेडपेक्षा दोन मिलिमीटर कमी ठेवली, म्हणजे खाच मारतानाही ते आडवं येणार नाही आणि उपसायचं कारणच कुणाला उरणार नाही. रेषेत आणायला डायल नेला होता. प्लायवरही मॅग्नेट चिकटत नाही, हे तिथे गेल्यावर आठवलं. शेवटी स्टीलची पट्टी ब्लेडला लावून डोळ्यानेच बसवलं.

फांदीच्या त्या फळीचं मी पुढे काही केलं नाही. टेबलाचे पाय खोडाच्या फळ्यांतून काढले, मागे पातं लावून, डावीकडे उभं राहून. एका फळीने पुन्हा तोच घोगरा सूर लावला. मी ढकलणं थांबवलं, फळी तशीच घट्ट धरून गुडघ्याने लाल बटण दाबलं आणि ब्लेड थांबेपर्यंत हललो नाही. चीर मिटून पात्याला टेकली होती. पातं सरकवायच्या लिव्हरला आता दर रविवारी भुसा झटकून थेंबभर तेल. नातवाचं टेबल झालं. डावीकडचा ड्रॉवर पावसाळ्यात फुगून अडकतो, आणि तो उघडायला नातू पाय लावतो.

मिस्त्रींचं समोरचं काम संपून ते वाकडला दुसऱ्या साइटवर गेले. दिवाळीत फोन केला. मागे त्यांचं मशीन चालू होतं. इकडचं तिकडचं झालं, मग मी विचारलं, पाचर आहे का जागेवर?

"हाय की. पोरानं साफ करायला काढली व्हती मागच्या आठवड्यात. लावली परत."

"तुम्ही बघितलंत? रेषेत आहे? पाच मिलिमीटर?"

मशीनचा आवाज बंद झाला. पोराला काहीतरी विचारल्याचं ऐकू आलं, पोराने काय सांगितलं ते कळलं नाही.

"रविवारी येऊन बघा की एकदा," मिस्त्री म्हणाले. "तुमचा त्यो डायल घेऊनच या."